अर्जातून गाळलेले एक वाक्य

अर्जदार : गोंदियाच्या तहसील कचेरीसमोर चिंचेखाली बसणारा अर्जनवीस, वय अठ्ठेचाळीस, मराठी चौथी इयत्ता उत्तीर्ण.
सामनेवाला : तोच.
ठिकाण : दवनीवाड्यापलीकडील एक गाव, त्यानंतर अर्जदाराचे राहते घर.
वेळ : दोन निरनिराळ्या सालांतील पौष महिना.
साक्षीदार : (१) सुकवाराबाई, दाई, (२) यमुनाबाई, एका मालगुजाराची सून, (३) गोदावरी, अर्जदाराची कन्या. पैकी पहिलीचे म्हणणे लिहून घेण्यास अर्जदाराने नकार दिला. दुसरीचे लिहून घेतले व गाळले. तिसरीस कोणी विचारलेच नाही.

संपादक महाशयांनी या दिवाळी अंकासाठी मजकडे व्यवसायातील गमतीजमती मागितल्या होत्या. त्या माझ्यापाशी पुष्कळ आहेत. परंतु कलम हातात घेतले की वरील तपशीलच उतरतो, त्यास माझा इलाज नाही.

जे कचेरीची पायरी कधी चढले नाहीत अशा वाचकांसाठी प्रथम धंदा सांगतो. आमच्या मुलखात बहुतेकांस लिहिता येत नाही आणि सरकारास लिहिल्यावाचून ऐकू येत नाही. या दोहोंच्या मध्ये एक पेटी, एक दौत, दोन टाक आणि एक सतरंजी घेऊन जो बसतो तो अर्जनवीस. लोक मला मुन्शीजी म्हणतात. शाळा माझी चौथीवर सुटली हे खरे, पण तीन तहसीलदार बदलून गेले आणि तिघांनीही माझा कागद अक्षरावरून ओळखला. माझा अर्ज परत आला असे सहसा घडले नाही.

या यशाचे मर्म लिहिण्यात नसून गाळण्यात आहे. पक्षकार येतो तो सगळा जन्म सांगतो. त्यातून मागणीस पोषक तेवढे घ्यावे, बाधक असेल ते टाकावे आणि उरलेले असे बांधावे की साहेबास दुसरा विचार सुचू नये. दुसरा नियम असा की अर्जात शंका नसते. "बहुधा", "वाटते", "कोण जाणे" हे शब्द माझ्या कागदावर सापडणार नाहीत. जे सिद्ध व्हावयाचे असते तेही आम्ही घडून गेल्यासारखेच लिहितो.

दरेकशाची एक म्हातारी आगगाडीने उतरून माझ्याकडे आली होती. स्टेशनावर गाडी शिट्टी देते म्हणून तिची म्हैस पान्हा चोरते, सबब शिट्टी बंद व्हावी, अशी तिची मागणी. मी म्हैस गाळली आणि "ग्रामस्थांच्या निद्रेस व गुराढोरांच्या स्वास्थ्यास उपद्रव" असे लिहून दिले. अर्ज वाचून दाखविला तेव्हा म्हातारी रागावली. "माही म्हैस कोठी हाय जी याच्यात?" मी म्हटले, "गुराढोरांत आली." ती म्हणाली, "ते तं साऱ्या गावाची झाली. शिट्टी माह्या म्हशीले लागते." चिंचेखालचे सगळे हसले. मीही हसलो. गाळलेले माणसाला कोठे लागते, ते त्या दिवशी ती मला सांगत होती. मी ऐकून घेतले नाही.

आता मुख्य मजकूर.

दवनीवाड्यापलीकडच्या एका मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, बैलांची रेंगी एके दिवशी कचेरीसमोर सुटली. मालगुजार स्वतः आले होते, त्यांच्या बाईसाहेब होत्या आणि मागे पदर तोंडापर्यंत ओढून त्यांची सून यमुना होती. तिची कूस नुकतीच रिकामी झालेली. आठव्याच महिन्यात मूल झाले, तिसऱ्या दिवशी गेले. तक्रार दाईवर होती.

ही दाई सुकवाराबाई. त्या पट्ट्यातील दहाबारा गावांची नाळ तिने कापलेली. सरकारी दवाखान्यात शिकून आल्याचा पितळी बिल्ला तिच्यापाशी होता. परंतु तिची एक रीत दवाखान्यातली नव्हती, तिच्या आईकडून आलेली होती. अपुऱ्या दिवसांचे, किडमिडे मूल झाले की ती त्याला पुसून कोरडे करी, डोक्याला फडके बांधी आणि तसेच उघडे मायच्या उघड्या छातीवर पालथे ठेवी. तोंड एका बाजूला, नाक मोकळे. वरून मायचेच लुगडे दोन वेढे घालून आवळी आणि त्यावर गोधडी. मायने टेकून बसावे, मूल तेथेच राहावे. तेथेच चोखावे, तेथेच झोपावे, दिवस असो की रात्र. आपल्या घरांतून मूल सुपात ठेवतात, शेगडीजवळ सरकवतात, पाचवीपर्यंत मायपासून वेगळे निजवतात. सुकवारा म्हणे, शेगडी एका बाजूने भाजते आणि दुसऱ्या बाजूने विसरते. मायचे आंग विसरत नाही.

यमुनेचे मूल दोन दिवस असे राहिले. तिसऱ्या दिवशी तिच्या सासूने खोलीचे दार उघडले, तो सून कमरेपर्यंत उघडी आणि मूल नागडे तिच्या अंगावर. मालगुजारांच्या घराण्यात असे कधी घडले नव्हते. मूल काढून घेतले, आंघोळ घातली, तांदळावर कापड अंथरून सुपात निजविले. संध्याकाळी ते थंड झाले.

"सुकवारीनं जीव दाबून मारला माह्या नातवाले," बाईसाहेब म्हणाल्या. "छातीखाली दडपून दडपून."

"आणि बेअब्रू," मालगुजार म्हणाले. "मुन्शीजी, तो शब्द पहिले आला पाहिजे. बिल्ला गेला पाहिजे तिचा."

मी खरडा लिहू लागलो. अर्जावर मायचा अंगठा असला की वजन येते, म्हणून यमुनेस पुढे बोलाविले आणि रिवाजाप्रमाणे विचारले, "बाई, तुमचे काही सांगणे?"

पदराआडून, सासूकडे न पाहता, ती म्हणाली, "छातीवर होतं तवा गरम होतं जी. सुपात ठेवलं आन् थंडं पडलं."

"कायले मधातच बोलून राहिली?" सासू म्हणाली.

"त्याहीनं इचारलं म्हून."

मी ते वाक्य खरड्यात लिहिले. हात सवयीने लिहून गेला. मग पक्की प्रत करण्यास बसलो तेव्हा त्या ओळीवर टाक थांबला. मागणी होती दाईवर. या वाक्याने तक्रार सुपावर जात होती. धंद्याच्या नियमाने ते बाधक होते. मी त्यावर आडवी रेघ ओढली. त्या ठिकाणी लिहिले : "सदरहू दाईने नवजात अर्भकास लज्जास्पद रीतीने नग्नावस्थेत मातेच्या अंगाखाली दडपून ठेविल्याने त्याची प्राणशक्ती क्षीण होऊन ते मयत झाले." या वाक्याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. ते मी स्टँपवाल्या रामाधीनला वाचून दाखविले. तो म्हणाला, "मुन्शीजी, इसके बाद दाई का कुछ नहीं बचेगा."

पक्की प्रत यमुनेला वाचून दाखविली. ऐकून झाल्यावर तिने विचारले, "मी सांगलेली गोठ कोनत्या जागी आली जी?"

"ती असंबद्ध आहे," मी म्हटले.

त्या शब्दाचा अर्थ तिने विचारला नाही. अंगठा शाईत बुडविला आणि कागदावर उठविला.

खरडे मी घरी नेत असे. आमच्या घरी शेगडी पेटविण्यास त्यांचा उपयोग होई. तो खरडाही तसाच गेला असला पाहिजे.

आठवड्याभराने सुकवारा स्वतः चिंचेखाली आली. ठेंगणी, काटक, कानात पितळी बाळ्या. तिला जबाबासाठी बोलावणे आले होते. गोंदियात तिला माहीत असलेला लिहिणारा एकच होता.

"मुन्शीजी, माह्यावर कोनीतरी लय खराब कागद लिवला. त्याचा जबाब लिवून द्या. तुमचं कलम चांगलं हाय म्हनतेत."

तो कागद माझाच होता हे तिला ठाऊक नव्हते. ते मी सांगितले. दोन्ही पक्षांचे लेखन एकाच हाताने होत नाही, हेही नीट समजावून सांगितले. तिने माझ्या दौतीकडे पाहिले.

"तुमी पायलं होतं काय जी ते लेकरू?"

"नाही."

"मी पायलं होतं," ती म्हणाली आणि उठून गेली.

तिला चांगला लिहिणारा मिळाला नाही. चौकशी झाली, हुकूम झाला, आणि हुकुमात माझे वाक्य जसेच्या तसे आले. बिल्ला जमा झाला. यापुढे कोणत्याही नवजात बालकास हात लावणार नाही, लावल्यास कैद कबूल, असा मुचलका तिच्याकडून लिहून घेतला गेला. ती भाताच्या रोवणीला आणि मोहाची फुले वेचायला जाऊ लागली असे कानावर आले. मी तो हुकूम चार जणांना दाखविला.

सात वर्षे गेली.

माझी कन्या गोदावरी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दिवस भरले नव्हते. पौषातल्या एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. गावातली नर्स तालुक्याबाहेर गेलेली. शेजारच्या वृद्ध बाईने सोडवणूक केली. मुलगी झाली. माझ्या दोन तळव्यांत मावून अंगठे बाहेर राहतील एवढी. रडली ती मांजराच्या पिलासारखी, आणि मग तेवढीही नाही.

आमच्या घरच्या रीतीने तिला सुपात ठेविले. खाली तांदूळ, त्यावर जुने धोतर, भोवती कापूस, उशाला शेगडी. दुपारपर्यंत तिचे पाय निळसर झाले. माझी पत्नी सरस्वती शेगडीत कोळसे घालीत होती आणि मुलीचे पोट हाताने चाचपून पाहत होती. शेवटी तिने माझ्याकडे न पाहता सांगितले, "सुकवारीले बलवा."

सुकवारा त्या दिवसांत कोसभरावर आपल्या भाच्याकडे राहत होती. आली. अंगणात उभी राहिली, पायरी चढली नाही.

"सुकवाराबाई, आत या," मी म्हटले.

"नाई जी. मले हात लावाची मनाई हाय."

"मी सांगतो आहे ना."

"तवाबी तुमीच सांगलं होतं." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरे झाले असते. "कागद द्या मुन्शीजी. दोन साक्षीदारांच्या आंगठ्यासंगं. मंग हात लावतो."

एखाद्या दुसऱ्या बापाने तिचे पाय धरले असते. मी कागद घेऊन बसलो. हे लिहिताना मला जेवढी शरम वाटते तेवढी दुसरे काही लिहिताना वाटली नाही. चार ओळींचे काम होते. मी खरडा केला, तो पसंत पडला नाही, दुसरा केला. मग पक्की प्रत. मग शेजारी जाऊन दोन इसमांचे अंगठे. घरात माझी नात निळी पडत होती आणि मी "हाताळणे" लिहावे की "स्पर्श करणे" याचा विचार करीत होतो.

कागद वाळवीत परत आलो तेव्हा सुकवारा अंगणातून पुढे येऊन बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसली होती. दोन्ही हात तिने स्वतःच्या काखेत धरून ठेविले होते. आणि बोलत होती.

"गोदे, चोळी काढ. लाजून नोको राहू, मी म्हातारी हाय. सुपातलं सारं फडकं काढ. डोकस्याचं राहू दे. हां. आता पालथं घे, दोन्ही थानाच्या मधात. नाक पाय, नाक मोकळं हाय काय?"

"हाय," गोदा म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"पोरीची अजून आंघोळ नाई झाली," सरस्वती म्हणाली. "सुवेरात असं..."

"आंघोळ मंग घाला, जेतकी घालायची तेतकी. पहिले लेकरू वाचू द्या. सरस्वतीबाई, तुमच्या हातानं तिचं लुगडं आवळा. मी नाई लावत. घट्ट. पोर श्वास घेल एवढं सैल. त्याच्यावर गोधडी."

सरस्वतीने आवळले. सुकवारा उंबऱ्यावरून सांगत राहिली. गोदाने पाठ भिंतीला टेकली. मी दाराबाहेर कागद घेऊन उभा होतो आणि कोणी तो मागत नव्हते.

ऊन कलले तेव्हा गोदा म्हणाली, "आई, हिचे पाय गरम लागतेत."

सुकवाराने तेव्हा कोठे काखेतले हात काढले. माझ्याकडे वळून म्हणाली, "झाला काय जी कागद? द्या. घेऊन ठेवतो. उद्या तुमीच दुसरा लिवान."

तिने तो चार घड्या करून पदराच्या गाठीत बांधला. मूल त्यानंतर सवा महिना गोदाच्या छातीवर वाढले. सुकवारा रोज येऊन उंबऱ्याबाहेर बसे. एकदाही तिने नातीला हात लावला नाही. ती नात आज पाच वर्षांची आहे आणि माझ्या दौतीत बोटे घालते.

येथे हा लेख संपता तर तो बक्षीसपात्र ठरला असता.

मालगुजारांच्या कानावर गेले की सुकवारा पुन्हा बाळंतपणे करू लागली आहे. तक्रार झाली. कचेरीची माणसे विचारावयास आली तेव्हा ती घाबरली नाही. "माह्यापाशी कागद हाय," म्हणाली आणि गाठ सोडून तिने माझा कागद त्यांच्या हाती दिला.

त्या कागदात काय होते ते वाचकांनी नीट ऐकावे. मी तो मूल सुपात असताना लिहिला होता. आणि माझ्या धंद्याच्या नियमाप्रमाणे, व्हावयाचे ते घडून गेल्यासारखे लिहिले होते : "सुकवाराबाई दाई हिने आमच्या घरी येऊन, आमच्या संमतीने, आमच्या कन्येच्या नवजात बालकास स्वहस्ते हाताळून उपचार केले." खाली माझी सही, दोन अंगठे. मुचलका मोडल्याचा यापेक्षा भक्कम पुरावा कोणत्याही पोलिसाने तयार केला नसता.

मी धावाधाव केली. प्रथम यमुनेकडे गेलो. मूळ अर्जच खोटा होता हे तिने सांगितले तर मुचलक्याचा पाया जातो, असा माझा हिशेब. मालगुजारांच्या बोडीवर, म्हणजे शेततळ्यावर, ती धुणे धूत होती. त्यानंतर तिला मूल झाले नव्हते. घरात दुसरी सून आली होती.

"यमुनाबाई, तुम्ही त्या दिवशी जे बोललात ते आता साहेबापुढे सांगा."

तिने पिळा टाकला आणि म्हणाली, "काय बोलली होती मी? तुमीच सांगा."

मी सांगितले. छातीवर होतं तवा गरम होतं. सुपात ठेवलं आन् थंडं पडलं. शब्द मला एकही शोधावा लागला नाही.

"म्हंजे आयकू आलं होतं तुमाले," ती म्हणाली. "मले वाटे, मी हळू बोलली असंन."

ती आली नाही. येणे तिच्या हातात नव्हते, आणि असते तरी तिने का यावे, हे मी आजवर स्वतःस समजावू शकलो नाही.

मग मी एकटा साहेबापुढे उभा राहिलो. सांगितले की सुकवाराने बालकास स्पर्श केला नाही, केवळ उंबऱ्याबाहेरून तोंडी सांगितले. माझी पत्नी व कन्या साक्षीस आहेत. साहेबांनी कागद माझ्यासमोर धरला.

"हे अक्षर तुमचे?"

"होय."

"सही तुमची?"

"होय."

"तुम्ही अर्जनवीस आहात. लिहिताना काय लिहितो आहोत हे तुम्हांस कळत होते?"

मी "होय" म्हटले. दुसरे उत्तर दिले असते तर धंदा गेला असता. तेवढाच विचार त्या क्षणी माझ्या मनात आला, हेही येथे नमूद करतो. सरस्वतीस आणि गोदावरीस बोलाविण्याची साहेबांस आवश्यकता वाटली नाही.

सुकवारा भंडाऱ्याच्या तुरुंगात महिनाभर राहिली. सुटून आल्यावर मी तिच्या भाच्याच्या घरी गेलो. ती अंगणात टोपलीतला मोह निवडत होती.

"बसा जी मुन्शीजी," ती म्हणाली. मग मोहातली काडी काढून टाकीत, "तुरुंगात एकीचं लेकरू झालं. सातव्या महिन्याचं. मी सांगलं नाई तिले काई. तोंडच उघडलं नाई. म्हटलं, सांगलं तरी हात लावला म्हून लिवतीन."

मी विचारले, त्या मुलाचे काय झाले.

"काय होईन," ती म्हणाली आणि मोह निवडत राहिली.

तेव्हापासून मी यमुनाबाईच्या त्या वाक्याच्या आधारे तीन अर्ज केले आहेत. जुना हुकूम रद्द व्हावा, बिल्ला परत मिळावा, मुचलका मागे घ्यावा. पहिल्याचे उत्तर आले : मूळ अर्जात मातेचे असे कोणतेही कथन आढळत नाही. हे बरोबर आहे. पुढील दोहोंचे उत्तर नाही. दवनीवाड्याच्या बाजूला अपुऱ्या दिवसांची मुले अजून सुपात निजतात. सुकवारा अजून जिवंत आहे आणि गप्प आहे.

सबब ज्यांच्या हाती हा अंक पडेल त्या सर्वांस, विशेषतः ज्या घरी या पौषात बाळंतपण आहे त्यांस, अर्जदाराची नम्र विनंती की :

यमुनाबाईचे वाक्य वर दिले आहे ते मूळ अर्जाचा भाग समजावे. आपल्या घरी किडमिडे मूल झाल्यास ते सुपात न ठेवता मायच्या उघड्या छातीवर ठेवावे, नाक मोकळे ठेवावे, वरून लुगडे व गोधडी घ्यावी, आणि सासूसासऱ्यांनी दाराबाहेर राहावे. तसे केल्यावर जे घडेल ते, बरे असो की वाईट, दोन ओळींत लिहून कळवावे. पुरेशी पत्रे जमल्यास ती चौथ्या अर्जास जोडता येतील.

उत्तर माझ्या नावे पाठवू नये. पाकिटावर सुकवाराबाई, दाई, एवढे नाव घालून संपादकांकडे द्यावे. तिला वाचता येत नाही. मी जाऊन वाचून दाखवीन व एकही वाक्य गाळणार नाही. ती मला वाचू देईल किंवा नाही, हे मात्र अर्जदारास ठाऊक नाही.

उत्तर मिळावे, ही विनंती.